दुसऱ्या रिमोटला स्टार्ट का नव्हते

आमच्या टीव्ही गेमला दोन रिमोट होते. कंट्रोलर हा शब्द तेव्हा मिरजेत आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडी नव्हता. वायर असली तरी तो रिमोटच, आणि कार्ट्रिज ही कॅसेटच. पहिल्या रिमोटवर डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखी फुली, मधोमध सिलेक्ट आणि स्टार्ट ही दोन चपटी रबरी बटणे, उजवीकडे ए आणि बी, आणि त्यांच्या डोक्यावर टर्बोची आणखी दोन. दुसरा रिमोट अगदी तसाच, फक्त मधली जागा कोरी. सिलेक्ट नाही, स्टार्ट नाही. खेळ सुरू करायचा आणि थांबवायचा तो पहिल्या रिमोटवाल्यानेच. मी धाकटा, त्यामुळे दुसरा रिमोट कायम माझ्याकडे. आईने जेवायला हाक मारली की मी ओरडायचो, "दादा, पॉज कर ना!" आणि दादाच्या मनात आले तर खेळ थांबायचा.

ती कोरी जागा बरीच वर्षे माझ्या डोक्यात राहिली. पैसे वाचवायला बटणे गाळली असतील, असे मी धरून चाललो होतो. पुढे नोकरीला लागल्यावर पुण्यातल्या एका मित्राकडे जपानी फॅमिकॉम पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा उलगडा झाला. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आणलेल्या या यंत्राच्या दुसऱ्या कंट्रोलरवरही स्टार्ट आणि सिलेक्ट नाहीत. त्यांच्या जागी बारीक जाळी आहे आणि आवाज कमी-जास्त करायची एक सरकपट्टी. जाळीमागे मायक्रोफोन. त्यात बोलले की आवाज टीव्हीतून यायचा, आणि काही थोड्या खेळांत तो आवाजच बटणाचे काम करायचा. आमचा टीव्ही गेम म्हणजे त्या फॅमिकॉमची कुणीतरी कुठेतरी केलेली नक्कल. नक्कल करणाऱ्याने मायक्रोफोन काढला, पण मायक्रोफोनसाठी रिकामी केलेली जागा तशीच ठेवली. मी ज्या रिमोटला धरून दादाला ओरडत होतो, त्या रिमोटला मुळात कान होता.

या पुस्तकाचे बीज त्या कोऱ्या जागेत आहे.

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुतेकांनी पडद्याकडे बघून लिहिला. किती रंग, किती बिट, कोणते यंत्र किती खपले, मारिओ आधी कसा दिसायचा आणि मग कसा दिसू लागला. हे सगळे लिहायला हवेच होते. पण खेळणारा पडद्याला कधी हात लावत नाही. त्याचा हात लागतो तो प्लॅस्टिकच्या एका तुकड्याला, आणि त्या तुकड्याचा आकार ठरवताना कुणीतरी माणसाच्या हाताबद्दल काहीएक मनाशी धरलेले असते: अंगठ्यात किती ताकद, मनगट किती वळते, सहा वर्षांच्या पोराची तर्जनी कुठवर पोचते. हे धरलेले बरोबर निघाले की कंट्रोलर हातात आहे याचा खेळणाऱ्याला विसर पडतो. चुकले की तो बोचतो, निसटतो, विचित्र वाटतो. मला विचित्र कंट्रोलर जास्त आवडतात, कारण त्यांच्यात करणाऱ्याचा विचार उघड्यावर दिसतो.

एक प्रयोग मी गेली काही वर्षे पाहुण्यांवर करत आलो आहे. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी व्हीसीएसची जॉयस्टिक त्यांच्या हातात द्यायची आणि काही बोलायचे नाही. काळा चौकोनी ठोकळा, मधून वर आलेला रबरी दांडा, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच एक लाल बटण. ज्यांचे बालपण मारिओवर गेले ते हटकून दांडा डाव्या हाताने धरायला जातात, कारण दिशा ही डाव्या अंगठ्याची आणि उडी उजव्या अंगठ्याची, हे त्यांच्या हातात मुरलेले असते. मग त्यांना कळते की लाल बटण डाव्या बाजूला आहे आणि उजवा हात तिथे आडवा न्यावा लागतो. ठोकळा फिरवून बघतात, पण मग वर कुठले आणि खाली कुठले याचा घोळ. ती जॉयस्टिक घडवणाऱ्याने धरले होते की ठोकळा डाव्या पंजात राहील, बटण डावा अंगठा दाबेल, आणि दांडा, म्हणजे अवघड काम, उजव्या हाताकडे असेल. खरे तर हे तर्काला धरूनच आहे. बहुतेक माणसे उजवी, तेव्हा नाजूक काम उजव्याला. पुढच्या पाच-सहा वर्षांत हे सगळे उलटे झाले. अवघड काम डाव्या अंगठ्याकडे गेले आणि आजतागायत तिथेच आहे. जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या हातांची सवय बदलली आणि त्याची चर्चा जवळजवळ कुठेच झाली नाही.

ही उलथापालथ ज्यांच्या कामातून झाली, त्या गुनपेई योकोई यांच्यासाठी या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण ठेवले आहे. क्योतोत १९४१ साली जन्मलेले योकोई १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले तेव्हा ती कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापत होती, आणि पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोईंचे काम. रिकाम्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचा, कात्रीसारखा लांब होणारा एक चिमटा स्वतःपुरता केला होता. मालकांनी तो पाहिला आणि बाजारात आणायला सांगितले. १९६६ चे हे अल्ट्रा हँड नावाचे खेळणे दहा लाखांहून जास्त खपले. या माणसाचे पहिले खेळणे हा एक हातच होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हात कुठवर पोचेल, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

१९८० पासून योकोईंनी गेम अँड वॉच ही खिशात मावणारी खेळांची मालिका काढली. १९८२ साली तिच्यात डाँकी काँग आणायचे ठरले. त्यात चालायचे, शिडी चढायची, उडी मारायची. चारही दिशा हव्यात आणि यंत्र तर डब्यासारखे मिटून खिशात जायला हवे. वर आलेला दांडा मिटताना आड येणार. योकोईंनी दांडा काढला आणि त्याच्या जागी सपाट फुली बसवली. ती फुली उघडून पाहिली की रचनेतले शहाणपण डोळ्यांना दिसते. फुलीच्या पोटात मधोमध एक टेकू असतो. एक बाजू दबली की समोरची बाजू सीसॉसारखी वर उचलली जाते, त्यामुळे डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाऊ शकत नाही. अंगठा उचलावा लागत नाही, नुसता कलवला तरी दिशा बदलते. आणि बोटाला न बघता कळते की आपण मध्यावर आहोत की टोकावर. सपाट प्लॅस्टिकने बोटाला डोळे दिले, असे मी याला म्हणेन.

फॅमिकॉम तयार होत होता तेव्हा त्यालाही आधी दांडाच लावण्याचा विचार होता. पण घरात खेळणे जमिनीवर पडून राहते आणि दांड्यावर मुलाचा पाय पडला तर दांडा मोडेल, पायालाही लागेल, ही काळजी अभियंत्यांना वाटत होती. मग गेम अँड वॉचची फुली जोडून बघितली आणि ती जमली. जमिनीवर बसून टीव्ही बघणाऱ्या घरात ही शंका यावी हे मला अगदी समजते. आमच्याही घरी रिमोट सतरंजीवरच पडलेले असायचे आणि दिवसातून दोनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली यायचे.

फुलीच्या आधीची दहा वर्षे मात्र विलक्षण मोकळी होती. कंट्रोलर कसा असावा हे कुणालाच ठरवून मिळालेले नव्हते. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने चॅनेल एफ आणले. खेळ बदलण्यासाठी कार्ट्रिज बदलायचे ही सोय घरात आणणारे हे पहिले यंत्र, आणि ते घडवणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय अभियंते. त्याच्या कंट्रोलरला बूडच नाही. ती नुसती एक मूठ आहे, आणि तिच्या डोक्यावर त्रिकोणी टोपी. टोपी चहूबाजूंना ढकलता येते, शिवाय खाली दाबता येते, वर ओढता येते, आणि डावी-उजवीकडे पिळता येते. हॉकीचा खेळ खेळताना फळी सरकवायची आणि पिळून तिरकी करायची, हे एकाच मुठीने. हे एवढे पुढे पुन्हा फारसे कुणी मागितले नाही.

१९७९ चे मायक्रोव्हिजन हे हातात धरायचे यंत्र जे स्मिथ यांचे. त्यात कॅसेट बदलली की बटणांची पाटीही बदलायची. पडदा १६ गुणिले १६ ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम २५६ ठिपके. पण प्रत्येक खेळाला त्याच्यापुरती हवी तेवढीच बटणे समोर. यंत्राचा मेंदू म्हणावी ती चिपसुद्धा कॅसेटमध्येच असायची. खेळ बदलला की हात काय करणार हेही बदलायला हवे, हे स्मिथ यांनी इतक्या लवकर आणि इतके सरळ मांडले होते.

त्याच सुमाराला मॅटेलच्या इंटेलिव्हिजनने सोळा दिशांची चकती आणि टेलिफोनसारखी बारा बटणे दिली. बटणांवर सरकवायला प्रत्येक खेळाची वेगळी छापील पट्टी मिळे. बेसबॉलच्या पट्टीवर मैदानाचे चित्र, त्यावर खेळाडूंच्या जागा. ही पट्टी हरवली की खेळ निम्मा आंधळा. आज जुन्या बाजारात यंत्र मिळते, कॅसेट मिळते, पट्टी मिळत नाही. १९८२ च्या अटारी ५२०० ची गोष्ट अधिक दुःखाची आहे. त्याचा दांडा किती कलला तेही मोजू शकत होता, म्हणजे हळू आणि जोरात यांतला फरक त्याला कळत होता. कंट्रोलरवरच पॉजचे बटण देण्याचेही त्यांना सुचले होते. पण दांडा सोडल्यावर आपोआप मध्यावर येत नसे. पॅकमॅनसारख्या कोपऱ्याकोपऱ्यावर वळायच्या खेळात अशा सैल दांड्याने काय होते हे खेळून बघावे लागते. वरून आतले संपर्क लवकर निकामी होत. कल्पना बरोबर होती. ती पेलणारे सामान नव्हते. या पुस्तकात ज्या कंट्रोलरना लोक 'फसलेले' म्हणतात त्यांतल्या पुष्कळांबद्दल माझा निकाल हाच आहे.

आपल्याकडे यातले फारसे काही आले नाही. जे आले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकलांच्या रूपाने, डब्यावर वाटेल ते नाव आणि कॅसेटवर वाटेल तेवढ्या खेळांचा आकडा छापून. मी त्या नकलांना कमी लेखत नाही. माझ्या पिढीतल्या मिरजेच्या, जालन्याच्या, चिपळूणच्या मुलांना फुली भेटली ती त्यांच्यामुळे. आणि त्या मोडायच्या म्हणून त्या आतून कशा आहेत हेही आम्हाला कळले. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीला आमच्या रिमोटचे बी बटण हमखास दाद देईनासे व्हायचे. टीव्ही दुरुस्त करणारे काका पेचकसाने मागचे सहा स्क्रू काढायचे. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर प्रत्येक बटणाखाली कंगव्यासारखे एकमेकांत घुसलेले दोन तांब्याचे माग, आणि वर रबराचे फुगीर बोंड. बोंडाच्या तळाला काळा कार्बन लावलेला; तो खाली टेकला की दोन कंगवे जोडले जातात आणि मारिओ धावतो. कार्बन झिजला की दाबून उपयोग नाही. काका माझ्याकडे शाळेची पेन्सिल मागायचे आणि तिचे टोक त्या बोंडावर गोल गोल घासायचे. शिशातले ग्रॅफाइट वीज वाहून नेते. तेवढ्याने महिनाभर काम भागायचे. विजेचा पहिला धडा मला शाळेआधी त्या बोंडाने दिला.

आमच्या टीव्ही गेमच्या डब्यात बंदूकही असायची, आणि बंदुकीवर मी एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. निन्टेंडोत ही परंपरा टीव्हीच्या आधीची. मासायुकी उएमुरा शार्प कंपनीकडून सौर घट विकायला निन्टेंडोत येत, आणि तो घट उजेड ओळखतो तर त्यापासून नेमबाजीचे खेळणे होईल हे योकोईंना सुचले. १९७० पासून अशी खेळणी बाजारात आली. उएमुरा पुढे निन्टेंडोतच आले आणि फॅमिकॉमची रचना त्यांनीच केली. १९८४ च्या डक हंटमध्ये आपल्याला वाटते की बंदुकीतून काहीतरी पडद्याकडे जाते. जाते काहीच नाही. बंदूक हा डोळा आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या घटाने आधी काळे आणि मग पांढरे पाहिले तर नेम लागला. दोन बदके असतील तर पांढरे चौकोन एकामागून एक उमटतात, त्यावरून कोणते बदक ते कळते. आधीचा काळा पडदा कशासाठी, तर खेळणाऱ्याने बंदूक दिव्याकडे धरून फसवू नये म्हणून. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत घडते.

हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बांधलेला आहे. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे डक हंटची संगणकावरची प्रत आज कुणालाही मिळेल, बदके उडतील, कुत्रा बाहेर येईल; पण ती बंदूक त्या पडद्यावर कधीच लागणार नाही. पुस्तक लिहिण्याचे तातडीचे कारण हे आहे. जुने खेळ वाचवण्याचे मोठे काम जगभर झाले आहे. खेळ म्हणजे शेवटी आकडे, त्यांच्या प्रती काढता येतात. हाताच्या कामाची प्रत निघत नाही. फॅमिकॉमच्या डिस्कवर १९८६ मध्ये आलेल्या झेल्डाच्या पहिल्या खेळात मोठ्या कानांचा एक प्राणी आहे. मायक्रोफोनमध्ये ओरडले की तो मरतो. हाच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या कंट्रोलरला मायक्रोफोन नव्हता, तरी माहितीपुस्तिकेत या प्राण्याला मोठा आवाज सहन होत नाही हे वाक्य राहून गेले. तिकडच्या मुलांनी त्यावर डोके फोडून घेतले असेल. माझ्या कोऱ्या जागेचे हे भावंडच म्हणायचे.

हाताने नेहमीच मुकाट ऐकून घेतले असे नाही. १९९६ च्या निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला मुठी तीन आणि माणसाला हात दोन. जुन्या पद्धतीचा खेळ असेल तर बाहेरच्या दोन धरायच्या, नव्या त्रिमिती खेळाला मधली आणि उजवी. मधल्या मुठीवरची छोटी दांडी इतकी चांगली होती की चालत्या मारिओचे पाऊल हळू पडते की जोरात हे ती सांगू शकत होती. पण ती एका प्लॅस्टिकच्या वाटीत फिरायची आणि फिरता फिरता वाटी झिजवायची. वापरलेला कंट्रोलर उघडला की आत पांढरी पूड सापडते. मग मारिओ पार्टी आला. त्यातले काही डाव दांडी गरागरा फिरवण्याचे. अंगठ्याने वेग येईना म्हणून मुलांनी तळहात दांडीवर दाबून फिरवला आणि तळहातांना फोड आले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत तक्रारी गेल्या आणि २००० साली निन्टेंडोने प्रत्येक घराला चार हातमोजे देण्याचे कबूल केले. हातमोजा हाच कंट्रोलर करण्याचा प्रयत्न त्याआधी, १९८९ मध्ये, मॅटेलने पॉवर ग्लोव्ह या नावाने केला होता. बोटे वाकली की कळायचे, मनगट कुठे आहे ते कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने मोजले जायचे. त्याच्यासाठी म्हणून बाजारात आलेले खेळ दोनच, आणि हातमोजा फक्त उजव्या हाताचा. डावखुऱ्या मुलांचा कुणी विचारच केला नव्हता. त्याच वर्षीच्या अटारी लिंक्सने तो केला होता: यंत्र उलटे धरून चित्रही उलटवता यायचे आणि बटणे डाव्या हाताला यायची.

या पुस्तकातला माझा सर्वांत लाडका कंट्रोलर कोणता, हे लपवण्यात अर्थ नाही. नामको कंपनीचा १९९५ चा नेगकॉन. प्लेस्टेशनला तेव्हा कलणाऱ्या दांड्या नव्हत्या. फुली एकतर दाबलेली किंवा सोडलेली. गाडी चालवायच्या खेळात हे फार जाचक, कारण चाक थोडेसे वळवणे हाच तर गाडी चालवण्याचा गाभा. नामकोने साधा कंट्रोलर मधोमध कापला आणि दोन अर्धे एका फिरत्या सांध्यावर जोडले. ओले कापड पिळावे तसा तो पिळायचा. जेवढा पीळ तेवढे वळण. शिवाय त्याची दोन गोल बटणे खोल आत जातात. हळू दाबले तर हळू वेग. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो तुटका आहे असे वाटून मी चपापलो. रिज रेसरमध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत मनगटांना सगळे कळले होते. मुले उडी मारताना रिमोट वर झटकतात आणि वळताना अख्खे अंग कलवतात, हे प्रत्येक घरातल्या मोठ्यांनी पाहिले आहे. नेगकॉन करणाऱ्यांनी ते नीट पाहिले होते असे मला वाटते.

अंग कलवण्याची ती ओढ गेम बॉयच्या कॅसेटमध्येही उतरली. २००० साली जपानमध्ये आलेल्या किर्बीच्या एका खेळात कॅसेटच्या आतच कल ओळखणारी चिप होती. यंत्र कलवायचे आणि गोल किर्बी गडगडत जायचा. पुढच्या एका मॉडेलमध्ये कॅसेट उलट्या बाजूने बसू लागली आणि बिचारा किर्बी भलतीकडे गडगडू लागला. २००३ च्या बोक्ताई या खेळाच्या कॅसेटला ऊन कळत असे. वेताळांना मारायला खरे ऊन लागायचे, म्हणजे उठून अंगणात जाणे भाग. माझ्याकडचे यंत्र जुने, पडद्याला आतून उजेड नसलेले, त्यामुळे घरात काही दिसायचे नाही आणि उन्हात सगळे लख्ख. एप्रिलमध्ये गच्चीवर हा खेळ मी पाच मिनिटांच्या वर खेळू शकलो नाही, पण तेवढ्या वेळात खेळातली ऊन मोजणारी पट्टी भरलेली असायची.

शेवटच्या प्रकरणातली वस्तू या सगळ्यांहून वेगळी आहे, आणि ती शेवटी ठेवण्याबद्दल मी बराच विचार केला. १९८९ साली निन्टेंडोने अमेरिकेत हात न वापरता खेळण्याचा कंट्रोलर काढला. तो दुकानात मिळत नसे, कंपनीकडे मागवावा लागे. छातीवर पट्ट्यांनी बांधायचा. हनुवटीने किंवा जिभेने हलवायची एक दांडी, आणि तोंडाजवळ एक नळी: फुंकली की एक बटण, ओढली की दुसरे. मानेखाली हालचाल नसलेले मूल त्याने मारिओ खेळू शकत होते. हाताबद्दल इतके लिहून झाल्यावर मला हे नोंदवायचे होते की खेळाला हात लागतोच असे नाही. लागते ती खेळणाऱ्याकडे नीट बघण्याची तयारी. त्या कंट्रोलरचे छायाचित्र या पुस्तकासाठी मिळवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ते मिळेपर्यंत मी पुस्तक छापायला दिले नाही.

छायाचित्रांबद्दल आणखी एक. मिळाला तो प्रत्येक कंट्रोलर हातासकट टिपला आहे. पांढऱ्या कागदावर ठेवलेला कंट्रोलर सुंदर दिसतो, पण त्याचे वजन, त्याचे बोचणे, कुठले बोट अधांतरी राहते, हे कळत नाही. हात माझ्या घरातलेच आहेत: माझे, दादाचे, माझ्या भाचीचे, आणि दोन ठिकाणी आईचे. अटारीची जॉयस्टिक पहिल्याच झटक्यात बरोबर धरली ती आईने. तिच्या हाताला आधीची कसलीच सवय नव्हती.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांची सुकाणे आणि घोडे हा वेगळा विषय आहे. संगणकाच्या कळफलकाला मी हात लावलेला नाही. आणि आपल्याकडच्या नकलांवरचे प्रकरण अपुरे आहे, हे मला छापताना माहीत आहे. कोणती नक्कल कुठे जुळवली जायची, कोणत्या रिमोटला किती बटणे होती, बंदूक कोणत्या डब्यात यायची, याची नोंद कुठे एकत्र सापडत नाही. ती लोकांच्या माळ्यावर आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, बहिणीच्या घरी, गावाकडच्या फडताळात असा एखादा टीव्ही गेम पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे दोन्ही रिमोट आणि बंदूक बाहेर काढा. सेल आत असतील तर काढून टाका, ते फुटून आतले सगळे खाऊन टाकतात. वायर रिमोटभोवती घट्ट गुंडाळू नका, मुळाशी तुटते. दोन्ही रिमोटचे पुढून, मागून आणि हातात धरलेले असे फोटो काढा, आणि घरात तो कोणी, कधी, कुठून आणला ते एका कागदावर लिहून डब्यात ठेवा. दुसऱ्या रिमोटची मधली जागा कोरी आहे का, तेही त्यात लिहा.